एका थेंबाची साक्ष

दिवाळी अंकात साखरेविषयी लिहायचे, आणि तेही करंज्या-चिरोट्यांच्या साखरेविषयी न लिहिता रक्तातल्या साखरेविषयी, हा औचित्यभंग आहे हे मला कळते. पण वाचकहो, फराळाच्या ताटाशेजारी हल्ली आणखी एक वस्तू येऊन बसू लागली आहे, तिच्याकडे डोळेझाक तरी कशी करावी? काडेपेटीहून जराशी मोठी डबी, दर्शनी भागी चिमुकली काच आणि खालच्या अंगाला पट्टी खुपसायला फट. बेसनाचा लाडू खावा की न खावा, खाल्ला तर अर्धा की सबंध, याचा निवाडा पूर्वी घरातली वडील बाई करीत असे. आता तो ही डबी करते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची जी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तिने देशातल्या मधुमेह्यांची संख्या दहा कोटींच्या वर धरली आहे. तेव्हा ज्या वाचकाच्या घरी ही डबी नसेल, त्याच्या शेजारी तरी ती असणारच.

आपण बोलताना 'मधुमेह झाला' असे सहसा म्हणत नाही. 'त्यांना शुगर आहे' असे म्हणतो. जणू बाकीच्यांच्या रक्तात साखर नसतेच! आणि पूर्वी दोन गृहस्थ भेटले म्हणजे 'पगार किती?' असे आडून आडून विचारीत, तसे आता उघडपणे 'शुगर किती?' असे विचारतात. उत्तरादाखल एक आकडा येतो. एकशे अडतीस. दोनशे बारा. तो उच्चारला की पुढे कोणी काही विचारीत नाही. आकड्याला उलटतपासणी नसते. माझे म्हणणे एवढेच की ती असावी.

माझ्या लहानपणी घरात आजोबांना मधुमेह होता, पण आकडा नव्हता. मी चौथीत असेन. सकाळी मोरीजवळच्या फळीवर स्पिरिटचा दिवा पेटे, काचेच्या नळीत बेनेडिक्टचे निळे पाणी उकळे, आणि त्यात लघवीचे मोजून आठ थेंब पडत. निळे राहिले तर आजोबा खुशीत. हिरवे झाले तर चहा बिनसाखरेचा. पिवळे, नारिंगी आणि शेवटी विटकरी रंग आला तर आजीचा चेहरा पाहण्यासारखा होई. ही पद्धत ठोकळ होती. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही, आणि उतरली तरी ती तासा-दोन तासांपूर्वीची बातमी असते. साखर फार उतरली असेल तर निळे पाणी त्याची दादच देत नाही. पण त्या रंगांनी एक गोष्ट केली नाही: आपण फार अचूक आहोत असा आव आणला नाही. हिरवा म्हणजे हिरवा. 'हिरवा पूर्णांक सात दशांश' असे कोणी म्हणत नसे.

आकडा आला तो रक्ताच्या पट्टीबरोबर. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत एम्स कंपनीची डेक्स्ट्रोस्टिक्स नावाची पट्टी निघाली. तिच्यावर रक्ताचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने तो धुवायचा आणि उमटलेला निळा रंग छापील रंगांशी ताडून पाहायचा. दोन माणसांना निळा सारखा दिसेना, म्हणून त्याच कंपनीने रंग मोजणारे यंत्र काढले. ते किलोभराहून जड होते आणि विकत मिळे ते डॉक्टरांना आणि रुग्णालयांना. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या इंजिनिअरला लहानपणापासून मधुमेह होता. त्याची पत्नी डॉक्टर होती म्हणून त्याने १९६९ च्या सुमारास तिच्या नावावर ते घेतले आणि दिवसातून अनेकदा स्वतःचे बोट टोचून पाहू लागला. पुढे याच माणसाने पंचेचाळिशीत वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले आणि तो मधुमेहाचा नामांकित डॉक्टर झाला. रोग्याने स्वतः आपली साखर मोजावी ही चाल अशा माणसांनी पाडली. आजच्या डबीत रंग पाहण्याची भानगड नाही. पट्टीवरचे विकर साखरेवर काम करते, त्यातून सुटणाऱ्या विद्युत्कणांचा अगदी क्षीण प्रवाह निर्माण होतो, तो डबी मोजते आणि पाच-सहा सेकंदांत त्याचे साखरेत भाषांतर करते. भाषांतर म्हटले की मराठीच्या अध्यापकाचे कान टवकारतात. मूळ एक, भाषांतर दुसरे. मधे काही सांडणारच.

किती सांडावे याला मात्र मर्यादा घातलेली आहे, आणि ती मला आमच्या स्टाफरूममधल्या एका भांडणामुळे कळली. अर्थशास्त्राच्या सरांनी आपल्या डबीवर साखर पाहिली, १४२ आली. ग्रंथपालांनी खिशातून आपली डबी काढली, त्याच बोटाचा थेंब तिला पाजला, १६७! मग काय, ज्याने त्याने आपापल्या डबीचे वकीलपत्र घेतले. तास बुडण्याची वेळ आली तेव्हा पदार्थविज्ञानाच्या बाईंनी वह्यांतून मान वर केली आणि म्हणाल्या, "खरी साखर १५५ असेल, तर तुम्ही दोघेही पास आहात."

बाईंचे बरोबर होते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा १५१९७ क्रमांकाचा नियम या डब्यांसाठी आहे. त्याच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे साखर १०० किंवा अधिक असेल तर डबीचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के वर किंवा खाली चालतो. १०० च्या आत असेल तर १५ अंक इकडे-तिकडे चालतात. आणि हेही शंभरातल्या ९५ मोजण्यांना लागू. उरलेल्या पाचांना एवढा कडक बंध नाही. याआधीच्या, २००३ च्या नियमात तर २० टक्क्यांपर्यंत सूट होती. म्हणजे १५५ साखरेला साधारण १३२ पासून १७८ पर्यंतचा कोणताही आकडा नियमाला धरून आहे. काचेवर '१६७' असे ठसठशीत उमटते, तेव्हा ती डबी खरे तर 'दीडशे-पावणेदोनशेच्या घरात कुठेतरी' असे पुटपुटत असते. पण काचेला पुटपुटता येत नाही.

हा नियम तरी सगळ्या पाळतात काय? अमेरिकेत १८ प्रकारच्या डब्या घेऊन त्यांच्या तीन वेगवेगळ्या चाचण्या केल्या, त्यांचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. तिन्ही चाचण्यांत उतरल्या सहा. या सगळ्या विक्रीची परवानगी मिळालेल्या डब्या होत्या, हे ध्यानात घ्यावे.

आता चूक आणि चूक यांतही भेद आहे, आणि तो ज्याने पेपर तपासले आहेत त्याला चटकन कळेल. एक परीक्षक असतो कडक. सगळ्यांनाच पाच मार्क कमी देतो. तो परवडतो, त्याच्या निकालात पाच मिळवले की झाले. दुसरा असतो लहरी. सकाळी चहा चांगला मिळाला तर साठ, संध्याकाळी डास चावले तर बेचाळीस. सरासरी काढली तर दोघांची सारखीच येईल, पण या दुसऱ्याच्या हाती कोणी आपला मुलगा देऊ नये. डबीचेही तसेच. नेहमी दहा अंक जास्त दाखवणारी डबी घरात नांदू शकते. एकाच बोटाच्या, पाठोपाठच्या तीन थेंबांना १३०, १७१ आणि १४४ सांगणारी डबी दुकानदाराला परत करावी.

पण यापेक्षाही महत्त्वाचा भेद १९८७ साली व्हर्जिनिया विद्यापीठातले डॉक्टर क्लार्क आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवला. आकडा किती चुकला हे विचारू नका, ते म्हणाले. त्या चुकीपायी रोग्याने काय केले असते ते विचारा. त्यांनी कागदावर आडवी खरी साखर आणि उभी डबीची साखर मांडली व त्या चौकोनाचे पाच विभाग पाडले. पहिल्या विभागात चूक क्षुल्लक. दुसऱ्यात चूक मोठी, पण उपचार बिघडत नाही. शेवटल्या विभागात साखर उतरलेली असताना डबी चढलेली दाखवते, आणि माणूस साखर खायच्या ऐवजी इन्सुलिन टोचून घेतो. खरी ३०० असताना २६० दिसले, ४० ची चूक झाली, तरी काही आकाश कोसळत नाही. खरी ६० असताना ७५ दिसले, तर चूक १५ ची, म्हणजे नियमात बसणारी. पण ७० च्या खाली साखर धोक्याची समजतात, आणि ७५ पाहून माणूस 'सगळे ठीक' म्हणून कूस बदलून झोपतो. वरच्या पायऱ्यांवर पाय घसरला तर खरचटते. इथे आपण विहिरीच्या काठावर असतो.

हे मी पुस्तकातून वाचले, त्याआधी ते आमच्या घरी घडले. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची. प्राथमिक शाळेत चौतीस वर्षे शिकवून निवृत्त झालेली. तिची शंभर पानी वही असते आणि तीत तारीखवार आकडे लाल-निळ्या शाईत असतात. गेल्या वर्षी चैत्रात ती पहाटे घामाने थबथबून उठू लागली. हात थरथरत. डबीवर पाहावे तर ८४. एकदा नव्हे, तीनदा असेच. ८४, ८८, ८१. औषधांच्या तक्त्यात हे आकडे नामी म्हणून छापलेले असतात. तिसऱ्या वेळी आईने डबी बाजूला सारली आणि म्हणाली, "अरे, माझा घाम खोटा आणि हिचा आकडा खरा, असे कसे होईल?" मग स्वतःच पेलाभर पाण्यात तीन चमचे साखर घालून ती प्यायली. पाव तासात थरथर थांबली. वहीत तिने लिहून ठेवले: 'आकडा ८४. साखर घेतली. बरे वाटले.'

ती वही डॉक्टरांनी पाहिली, म्हणून पुढचे कळले. त्यांनी आईला उपाशीपोटी लॅबमध्ये पाठवले, डबी बरोबर न्यायला सांगितली, आणि शिरेतून रक्त घेताच त्याच मिनिटाला बोटाचा थेंबही पाहायला लावला. लॅबची साखर ८८. डबीची ११३. पंचवीसचा फरक! शंभराच्या आत पंधराची मुभा, म्हणजे डबी नापास. त्याच हिशेबाने पहाटेचे ८४ हे पासष्टीच्या आसपास असणार. पण डॉक्टर डबीवर रागावले नाहीत. त्यांनी हिमोग्लोबिन पाहिले. ते ८.१ होते.

याचे कारण असे. रक्तात तांबड्या पेशी असतात आणि त्या ज्यात पोहतात तो द्रव असतो. साखर पट्टीपर्यंत पोहोचते ती द्रवातून. पेशींची गर्दी ठराविक आहे असे धरून डबीचे गणित बसवलेले असते. पंडुरोग्याच्या रक्तात गर्दी कमी, वाट मोकळी. साखर भराभर पट्टीवर येते, प्रवाह वाढतो आणि आकडा फुगतो. नव्या चांगल्या डब्यांपैकी काही ही गर्दी वेगळी मोजून हिशेब दुरुस्त करतात. सगळ्या करीत नाहीत. आमच्या डबीच्या घडीच्या पत्रकात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, पेशींचे प्रमाण ३० ते ५५ टक्के असावे असे छापलेले आहे. आईचे २५ होते. दुर्दैव असे की तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी तपासणी असते, तीही लोहाच्या कमतरतेत खऱ्यापेक्षा जास्त येते. म्हणजे दोन साक्षीदार, दोघे एकाच बाजूने चुकणारे, आणि त्यांच्या साक्षीवर रात्रीची गोळी चालू! डॉक्टरांनी गोळी कमी केली, पंडुरोगाचे मूळ शोधून त्यावर औषध दिले. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ११ वर आले तेव्हा त्याच डबीचा फरक सातावर आला होता.

हे एवढ्या विस्ताराने सांगतो, कारण आमची आई काही अपवाद नव्हे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या ५७ स्त्रियांना पंडुरोग आढळला. ज्या देशात निम्म्याहून अधिक बायका अशा आहेत, तिथे डबी घेताना किंमत विचारतात, पट्ट्यांवर सूट किती ते विचारतात, आणि पेशींचे प्रमाण कोणी विचारीत नाही. घरातल्या ज्या बाईला धाप लागते, जिचे ओठ पांढुरके दिसतात, तिच्या आकड्यावर विसंबण्याआधी हिमोग्लोबिन पाहून घ्यावे. आणि घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे दिसली की आकड्याशी हुज्जत न घालता आधी साखर द्यावी. उलट जुन्या मधुमेह्यांना साखर उतरल्याची लक्षणेच कधी कधी जाणवेनाशी होतात. तिथे आकडा खाली दिसला तर 'मला काही होत नाही' हे त्यांचे म्हणणे मानू नये.

डबीची परीक्षा घ्यायची तर आमच्या डॉक्टरांनी घेतली तशी घ्यावी. वेळ सकाळची, उपाशीपोटीची. जेवल्यानंतर बोटातल्या रक्तात शिरेतल्या रक्तापेक्षा साखर मुळातच जास्त असते, तेव्हा ती तुलना अन्यायाची होईल. लॅबमध्ये सुई टोचताच पाच मिनिटांच्या आत बोटाचा थेंब पाहावा. घरी येऊन चहा घेऊन नव्हे. लॅबची १२८ आणि डबीची १३९ आली तर फरक ११, म्हणजे साडेआठ टक्क्यांच्या जवळपास, डबी चांगली. एका दिवसावरून निकाल लावू नये. दोन-तीन वेगळ्या महिन्यांत असे करून पाहावे.

पण लॅबचा आकडा म्हणजे तरी ब्रह्मवाक्य काय? नळीत घेतलेले रक्त जिवंत असते. त्यातल्या पेशी तिथेही साखर खात बसतात, तासाला पाच ते सात टक्के. करड्या बुचाच्या नळीत फ्लोराइड असते ते यासाठीच, आणि त्याचाही अंमल पुरता बसायला तास-दोन तास लागतात. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा मोठा चटपटीत असतो. पण आपल्यानंतर त्याला आणखी सहा घरे करायची असतात, स्कूटरवर, उन्हातून. नळी साधी असेल तर १२० ची साखर लॅबपर्यंत पोहोचता पोहोचता १०५ सहज होते. तेव्हा डबी जास्त दाखवते अशी तक्रार करण्याआधी लॅबची नळी कोणत्या बुचाची होती आणि किती वेळ फिरत होती, ते विचारावे. विचारलेले आवडत नाही, असा अनुभव आहे. तरी विचारावे.

बाकी बरीचशी चूक आपल्याच घरात तयार होते. २०११ साली जपानी डॉक्टरांनी संत्रे, द्राक्षे, किवी ही फळे सोलायला लावून नंतर बोटातली साखर पाहिली. हात न धुता पाहिली ती भलतीच चढलेली निघाली. स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनही ती पुरती उतरली नाही. नळाखाली हात धुतले तेव्हा उतरली. दिवाळीत आपल्या बोटांना काय काय लागलेले असते ते सांगायला नको. पाकाचे बोट टोचाल तर पाकाचीच साखर मोजाल. हात धुऊन कोरडे करावेत. ओल्या बोटाने थेंब पातळ होतो. बोट पिळून पिळून थेंब काढला तर त्यात आतले पाणी मिसळते. आणि पट्ट्या! आपल्या बायकांना कोणतीही वस्तू आणली की तिच्या मूळ डब्यातून काढून चकचकीत स्टीलच्या डबीत भरल्याशिवाय चैन पडत नाही. पट्ट्यांच्या मूळ बाटलीच्या झाकणात ओल शोषणारी भुकटी असते. ती बाटली हेच त्यांचे माहेर. मुंबई-कोकणच्या आषाढात दुसऱ्या डबीत ठेवलेल्या पट्ट्या पापडासारख्या सादळतात. फक्त पापड सादळलेला हाताला कळतो आणि पट्टी कळत नाही. फ्रिजमध्येही त्या ठेवू नयेत. डबीची परीक्षा घेणारे तयार साखरपाणी, 'कंट्रोल सोल्युशन' म्हणतात ते, औषधवाल्याकडे मागावे. पहिल्यांदा तो 'तसे काही येत नाही' म्हणेल.

आता डबीही जुनी झाली. दंडावर चिकटवायची टिकली आली आहे. ती दर काही मिनिटांनी मोबाइलवर आकडा पाठवते. आमच्या मामांना ती त्यांच्या बंगळूरच्या चिरंजीवांनी बसवून दिली. ही टिकली रक्त पाहतच नाही. कातडीखालच्या पेशींभोवतीचे पाणी पाहते, आणि रक्तातला बदल तिथे पोहोचायला पाच-दहा मिनिटे, कधी जास्त लागतात. जिना चढून आल्यावर किंवा जेवण झाल्यावर ती मागे राहते, हे मामांना सांगून ठेवलेले होते. एक गोष्ट सांगायची राहिली होती. श्रावणात एका रात्री तीन वाजता मोबाइल ओरडू लागला: साखर ५२. तोच आकडा बंगळूरलाही ओरडला. चिरंजीवांनी तिकडून फोन केला, मामींनी घाबरून साखरेचा डबाच आणला, खालच्या मजल्यावरचे बिऱ्हाड वर आले. मामा म्हणत होते, "अगं, मला काही झालेले नाही, झोपू दे." शेवटी कोणीतरी जुनी डबी शोधून बोट टोचले, ११८.

मामा डाव्या कुशीवर झोपतात आणि टिकली डाव्या दंडावर होती. अंगाचा भार पडला की तिथल्या पाण्याचे येणे-जाणे थांबते आणि साखर उतरल्याचा भास होतो. हे इतके नित्याचे आहे की डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न 'कोणत्या कुशीवर?' असाच विचारला. पुढली टिकली मामांनी उजव्या दंडावर बसवून घेतली.